माझ्या आईची हारुका

मी जपानला शिकायला निघाले त्या दिवशी आमच्या घरात एकच व्यक्ती रडली, आणि ती जपानी होती.

कसं ते सांगते. आमच्या कॉलेजची आणि जपानमधल्या एका कॉलेजची अदलाबदलीची योजना आहे. इकडची एक मुलगी वर्षभर तिकडं जाते, तिकडची एक इकडं येते आणि दोघी एकमेकींच्या घरी राहतात. मी दोन वर्षं औरंगपुऱ्यातल्या क्लासला स्कूटी दामटत जपानी शिकले, परीक्षा दिली, मुलाखतीत हसत राहिले आणि निवडले गेले. (आमच्या अख्ख्या खानदानात मुंबईच्या पुढं गेलेली मी पहिलीच!) माझी इच्छा एकच आणि माफक होती. मी निघताना आईनं रडावं. फार नको, पदर डोळ्याला लावण्यापुरतं. शेजारच्या देशमुख काकूंचा मुलगा पुण्याला, नुसत्या पुण्याला गेला, तर काकू आठवडाभर डोळे सुजवून फिरत होत्या. मी तर समुद्र ओलांडून चालले होते!

पण माझ्या बदल्यात येणारी मुलगी मी जायच्या आठवडाभर आधीच येऊन धडकली. हारुका तिचं नाव. आल्या आल्या तिनं बूट काढले, ते दाराकडं तोंड करून नीट लावले आणि मग खाली बसून आमच्या सगळ्यांच्या चपलाही ओळीत लावल्या.

"बघ!" आई म्हणाली. "बघ जरा!"

"आई, ती पहिल्या दिवशी करणारच. मी इथं वीस वर्षं राहतेय."

"व्हय, आणि वीस वर्षं सँडल उडवतीस. एक टीव्हीखाली, एक गॅलरीत."

दुसऱ्या दिवशी तिनं ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाल्ला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि तोंडानं "ओइशी, ओइशी!" चाललेलं. म्हणजे फार छान, फार छान! घरात जपानी येणारी मी एकटी, त्यामुळं आईनं मला विचारलं, "काय म्हणतीय गं?"

"पोट भरलं म्हणते," मी गंभीरपणे सांगितलं.

तेवढ्यात हारुकानं रिकामं ताट दोन्ही हातांनी पुढं केलं आणि मान झुकवली. आईनं माझ्याकडं एकदा पाहिलं, आणि तिसरी भाकरी तिच्या ताटात वाढून वर लोण्याचा गोळा ठेवला. घरात लोणी होतं हे मला तेव्हा समजलं!

पप्पांचं तर विचारूच नका. पप्पा मूळचे करमाडचे, माणूस कमी बोलणारा. मला स्कूटी शिकवली तेव्हा ते ओट्यावर पेपर वाचत बसले होते आणि "पडलीस का? पड, मग येईल," एवढंच मार्गदर्शन झालं होतं. हारुकाला शिकवताना हा माणूस मैदानभर स्कूटीचं कॅरिअर धरून मागं पळत होता! वय पन्नास, गुडघा दुखरा, आणि तोंडानं, "भिऊ नको बाळा, मी हाय, मी हाय!" घरी येऊन गुडघ्याला मलम चोळत म्हणतात कसे, "लई गुणाची पोरगी हाय."

जळत होते मी. सरळ सांगते, आतून धूर निघेल इतकी जळत होते.

त्यात पैठणहून आत्या आली. पप्पांची मोठी बहीण, तिच्या शब्दापुढं आमच्या घरात कोणी जात नाही. मी बारावी पास झाले तेव्हापासून आत्या म्हणत होती, "तुला मोराची पैठणी घेईन." आता तिच्या हातातल्या पिशवीतून जांभळा काठ डोकावताना पाहिला आणि मला भरून आलं. आत्यानं पिशवी उघडली, घडी मोडली आणि पदर टाकला हारुकाच्या खांद्यावर!

"आत्या!" मी किंचाळलेच. "ती माझी ना?"

"अगं, तिला तिकडं गेल्यावर चार लोकांत दाखवता येईल."

"मी पण तिकडंच चाललेय!"

"तू काय, घरचीच हायेस," आत्या म्हणाली आणि हारुकाची दृष्ट काढायला लागली.

घरचीच! म्हणजे घरच्या माणसाला काही लागत नाही, भिंतीला जसं काही लागत नाही तसं. आणि त्याच संध्याकाळी आत्यानं कॅलेंडर बघितलं.

"कधी निघायचंय हिला?"

पप्पांनी तारीख सांगितली.

"अरे देवा! अमावास्या हाय त्या दिवशी!"

विमान काही आत्याच्या कॅलेंडरवर उडत नाही, हे तिला समजावण्यात चहाची दोन आधणं गेली. शेवटी तिनंच तोड काढली. पस्तान ठेवायचं. म्हणजे जाणाऱ्याचं सामान आदल्या दिवशी चांगल्या वेळेवर घराबाहेर काढायचं आणि दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. देवाच्या हिशेबी माणूस तेव्हाच निघाला. मग अमावास्या येवो नाहीतर ग्रहण! फक्त एक नियम कडक. एकदा उंबऱ्याबाहेर गेलेलं सामान परत घरात आणायचं नाही.

हे सगळं मी हारुकाला सांगितलं, तर तिनं हात जोडले. "किती सुंदर," म्हणाली, आणि लगेच, "बॅग मी नेऊ?"

"नको. माझी बॅग मी नेणार."

"जाणाऱ्यानं उचलायची नसती," आत्या म्हणाली. (हा नियम तिनं तिथंच तयार केला, माझी खात्री आहे.)

"मग तुमचा पासपोर्ट तरी सांभाळू?" हारुकानं विचारलं. "गडबडीत हरवायला नको."

माझं घर घेतलंस, आई घेतलीस, पैठणी घेतलीस, आता पासपोर्टही घे! असं मी बोलले नाही. मी फक्त पासपोर्ट बॅगेच्या आतल्या कप्प्यात टाकला, बॅगेला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या चेनमध्ये अडकवली. हारुकानं ती बॅग तान्हं मूल न्यावं तशी शेजारी देशमुख काकूंच्या हॉलमध्ये नेऊन ठेवली. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईला न्यायला टॅक्सी दारात आली. पप्पा विमानतळापर्यंत येणार होते. आई नाही. "हारुका एकटी कशी राहील?" असं तिचं म्हणणं. मी दात आवळून देशमुख काकूंची बेल वाजवायला गेले, तर दाराला हे एवढं कुलूप!

पप्पांनी काकूंना फोन लावला. तो कुलपाच्या आत वाजायला लागला. काकांना लावला. तोही आतच, दुसऱ्या सुरात.

"गेले कुठं हे?" पप्पा ओरडले.

आत्यानं हळूच तोंडाला पदर लावला. "अरे, मीच काल म्हणाले त्यांना, उद्या अमावास्या हाय, पैठणला जाऊन गोदावरीत डुबकी मारून या म्हणून. पहाटंच गेले असतील."

"आणि फोन?"

"फोन घेऊन कोण डुबकी मारतं?"

माझा पासपोर्ट एका भिंतीपलीकडं, आणि किल्लीवाले नदीत! खाली टॅक्सीवाला हॉर्न देत होता, "हौ मैडम, निकलना है के नै?" मी मटकन जिन्यात बसले. दोन वर्षांचा क्लास, मुलाखत, सगळं त्या कुलपावर लटकलेलं दिसत होतं.

तेवढ्यात हारुका गॅलरीतून मला हाका मारायला लागली. आमची आणि काकूंची गॅलरी शेजारी-शेजारी, मधे कंबरभर भिंत. काकूंच्या गॅलरीचं दार नुसतं ओढलेलं असतं. हारुका कॉलेजात गिर्यारोहण करणारी! तिनं पैठणी खोचली (हो, माझा निरोप म्हणून ती माझीच पैठणी नेसली होती) आणि टुणकन पलीकडं. माझ्या मनात आलं, हिनं आता मला वाचवलं तर पप्पा हिला दत्तकच घेतील. म्हणून मीही भिंतीवर चढले, ड्रेस फाडून घेतला आणि पलीकडं काकूंच्या तुळशीत पडले.

बॅग मिळाली! आम्ही ती गॅलरीत ओढत आणली आणि भिंतीवरून आईच्या हातात देणार, तोच आत्या गरजली.

"खबरदार! घरात आणायची नाय! पस्तान मोडतं!"

"आत्या, टॅक्सी थांबलीय!"

"अमावास्या पण थांबलीय!"

पप्पांनी कपाळाला हात लावला. मग ठरलं, बॅग दोरीनं थेट रस्त्यावर सोडायची. पहिलाच मजला, फार उंच नाही. काकूंची कपडे वाळत घालायची दोरी सोडली. हारुकानं ती हातात घेतली आणि मी हिसकावली.

"गाठ मी मारणार."

"अपूर्वा-सान, ही गाठ कदाचित थोडीशी..." हारुका अदबीनं म्हणाली.

"मला येते!"

मला येत नव्हती. बॅग अर्ध्यावर गेली, गाठ सुटली, बॅग टॅक्सीच्या टपावर आदळली आणि फुटली. वर्षभराची शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि हळद असा सगळा रंग टॅक्सीवाल्याच्या पांढऱ्या शर्टावर बसला. माझे सगळे कपडे, आणि सगळे म्हणजे अगदी सगळे, गल्लीभर पसरले. एक तर समोरच्या दुकानाच्या बोर्डावर जाऊन लटकला.

"अरे बाप रे, ये ऊपर से क्या बरसा रै!" टॅक्सीवाला शिंकत ओरडला.

मग सगळी गल्ली माझं सामान गोळा करायला धावली. दुकानदारानं काठीनं बोर्डावरचा कपडा काढून भर रस्त्यात विचारलं, "हे कोणाचं?" मी म्हणाले, माहीत नाही. पप्पांनी बॅग आवळून बांधली, आईनं चटणी चाळणीनं चाळली, आणि आत्या समाधानानं म्हणाली, "बघा, घरात आणली नाय!"

निरोपाची वेळ आली. मी आईसमोर उभी राहिले. हातावर दही घेतलं, पाया पडले, आणि मग चेहरा शक्य तितका केविलवाणा करून तिच्याकडं पाहिलं. आईचे डोळे ठणठणीत कोरडे. तेवढ्यात मागून हुंदका आला. हारुका! ती कमरेत वाकून वाकून रडत होती. "चूक माझी. गाठ कच्ची आहे हे मी जोरात सांगायला हवं होतं." (हे मराठीत करून आईला सांगायचं कामही माझ्याच गळ्यात!)

आईनं माझा हात सोडला आणि तिला पोटाशी धरलं. "उगी बाळा, उगी. तुझी काय चूक?" आणि मान वळवून मला म्हणाली, "जा गं तू, उशीर होतोय."

मी टॅक्सीच्या मागच्या काचेतून शेवटचं दृश्य पाहिलं, ते आई हारुकाचे डोळे पुसतानाचं. पदरानं!

जपानमध्ये हारुकाची खोली मिळाली, तिचं टेबल मिळालं. पहिल्या दिवशी वर्गात पाच मिनिटं आधी गेले, तर सगळे केव्हाचे वह्या उघडून बसलेले. सर जे बोलत होते ते क्लासमधलं जपानी नव्हतंच, मला फक्त "आणि" आणि "म्हणून" समजत होतं. घरची इतकी आठवण यायची की विचारू नका. आणि व्हिडिओ कॉल लावला की दिसायचं काय? माझ्या जागेवर मांडी घालून बसलेली हारुका आणि तिला घास भरवणारी आत्या. आत्या अजून पैठणला परतलीच नव्हती!

तीन आठवडे होत आले असतील. एका संध्याकाळी मी पावसात भिजून घरी आले आणि तशीच आईला कॉल लावून बसले. तिकडं चार वाजले होते. तेवढ्यात हारुकाची आई टॉवेल घेऊन आली आणि माझे केस पुसायला लागली.

"कोण गं ती?" आईनं विचारलं.

"ओकासान."

"म्हणजे?"

"म्हणजे आई. इथं तसंच म्हणतात."

आईनं फोन डोळ्यांजवळ नेऊन तो टॉवेल निरखून पाहिला. मग म्हणाली, "रोज पुसती?"

"भिजले तर पुसते. काल डब्यात सफरचंदाचे ससे कापून दिले होते."

आईचे डोळे भरले. मी स्वतः पाहिलं, भरले! "आई, रडतीयेस?"

"रडायला काय झालं? कांदा चिरतीय," आई म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

कांदा! मी तिकडं जपानमध्ये तोंड पाडून बसले. मग हारुकाचा मेसेज आला. "आईचं ऐकू नकोस. कांदा नव्हता. आज संकष्टी आहे, आपल्या घरात आज कांदा चिरत नाहीत. आई तुझ्या कपाटासमोर बसून रडतेय. मी पाणी दिलं."

मी आनंदानं ओरडले. ओकासानला मिठी मारली, तिला काही कळलं नाही, पण तिनंही मारली. रडली! माझी आई माझ्यासाठी रडली!

मग मेसेज परत वाचला. आपल्या घरात? आणि संकष्टीला कांदा चिरत नाहीत, हे मला वीस वर्षांत का माहीत नव्हतं? मी प्रत्येक संकष्टीला पावभाजी खाऊन घरी यायचे आणि वर मोदक हाणायचे, त्यामुळं प्रश्नच पडला नव्हता. हारुकाला महिन्याच्या आत माहीत! आईचे अश्रू मिळाले खरे, पण तेही हारुकाच्या सहीनं. मी ओले केस तसेच ठेवून उशीत तोंड खुपसलं आणि पुन्हा पहिल्यापासून जळायला सुरुवात केली.