मी धोकादायक ठरवलेली मंडई

लग्न होऊन मी नांदेडला आले तेव्हा मे महिना होता. आठेक दिवसांनी सासूबाई मला जुन्या शहरातल्या भाजी मंडईत घेऊन गेल्या. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. मंडईच्या कमानीतून आत पाऊल टाकलं आणि एकदम गार वाटलं. मी वर पाहिलं. दोन मजल्यांच्या उंचीवर कौलारू छप्पर, त्याच्या खाली भिंतीत ओळीनं झरोके. तापलेली हवा तिथून निघून जायची. भिंती काळ्या दगडाच्या, दीड हात जाड. खाली शहाबादी फरशी आणि दोन्ही बाजूंनी बसलेल्या भाजीवाल्या. दुपारी चार वाजतासुद्धा त्यांच्या मेथीच्या जुड्या माना टाकत नसत.

त्यांतली एक मावशी लोह्याजवळच्या खेड्यातून पहाटेच्या गाडीनं यायची. माल तिच्या घरच्या मळ्यातला. माझ्याकडे बघून तिनं सासूबाईंना विचारलं, "सूनबाई कुठल्या?"

"लातूरच्या. इंजिनीर हायत," सासूबाई म्हणाल्या.

"आगं माय! मंग भाजी बी मोजून-मापून घेतील," म्हणत मावशी हसली आणि माझ्या पिशवीत मूठभर कोथिंबीर टाकली. पुढं कितीतरी वर्षं आमची भाजी तिच्याकडचीच असायची.

मी स्थापत्य अभियंता. नांदेडला एका खासगी कार्यालयात लागले. जुन्या-नव्या इमारती तपासायच्या, भेगा बघायच्या, अहवाल द्यायचा, हे काम. कार्यालयाचे मालक, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, माणूस म्हणून वाईट नव्हते. फक्त सहीला फार भ्यायचे.

मी मात्र दगडाला भ्यायचे. त्याचं कारण सांगायला हवं. त्र्याण्णव साली भूकंप झाला तेव्हा मी सहावीत होते. लातुरात आमच्या घराला फक्त एक तडा गेला, पण औशाच्या पलीकडं आत्याचं गाव होतं. तिचं घर दगडमातीचं, वर मातीचं जाड धाबं. आत्या आणि तिची धाकटी मुलगी त्या ढिगाऱ्यातून जिवंत निघाल्या नाहीत. चार दिवसांनी वडील मला घेऊन गेले. का नेलं, कुणास ठाऊक. घरं होती तिथं दगडांच्या राशी होत्या आणि गावाच्या तोंडाशी सिमेंटच्या स्लॅबचं एक किराणा दुकान जसंच्या तसं उभं होतं. आत साबणाच्या वड्या रचलेल्या, एकसुद्धा पडलेली नव्हती. मी त्या वड्यांकडं बघतच राहिले. दगड मारतो आणि सिमेंट वाचवतं, हे माझ्या डोक्यात तिथं बसलं. पुढं कॉलेजात दगडी बांधकामाचा धडा शिकले, परीक्षेत चांगले गुणही पडले, पण ते बसलेलं काही हललं नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयाकडं महापालिकेकडून जुन्या इमारतींच्या पाहणीचं काम आलं. यादीत मंडई होती. मंडई पाडून तिथं व्यापारी संकुल करायचं असं सगळीकडं बोललं जात होतं. पण इमारत चांगली असताना पाडता येत नाही, ती धोकादायक असल्याचा कागद लागतो. तो कागद लिहिण्याचं काम माझ्याकडं आलं.

मी सकाळी कॅमेरा आणि फॉर्म घेऊन गेले. कमानीशेजारच्या चहाच्या गाड्यावर एक म्हातारे गवंडी बसलेले असत. सगळे त्यांना चाचा म्हणत. मंडईची डागडुजी आधी त्यांच्या वडिलांनी केली, नंतर त्यांनी. मी भिंतींचे फोटो काढू लागले तसे ते उठून मागं आले.

"क्या देखती बेटी?"

"भेगा बघतेय, चाचा."

"भेग एकाच कोपऱ्यात हाय. ती बी भिंतीची चूक न्हाई." त्यांनी मला मागच्या कोपऱ्यात नेलं. तिथं नंतर कुणीतरी संडास बांधला होता. त्याचा पाइप फुटून पाणी वर्षानुवर्षं भिंतीच्या पायात मुरत होतं. एक पिंपळही उगवला होता. "पाइप बदलो, पिंपळ मुळासकट काढा, दोन महिने मला द्या. कोपरा नवा करून देतो."

मग त्यांनी पिशवीतून हातोडी काढली आणि भिंतीवर दर दोन हातांवर ठोकत निघाले. "आवाज ऐक. पोकळ असंल तर बद्द वाजंल." सगळीकडं आवाज भरीव येत होता. फक्त त्या कोपऱ्यात बद्द वाजलं.

मी म्हणाले, "चाचा, मी भूकंपात दगडी घरं पाहिलीत. सगळी बसली होती खाली."

ते थांबले. "कोण गेलं?"

"आत्या. आणि तिची मुलगी."

त्यांनी हातोडी पिशवीत ठेवली. मग म्हणाले, "त्या घरांत दगड मातीत बसवले व्हते, बेटी. दोन्ही बाजूंनी दगड लावायचे अन् मधी भराव टाकायचा. हलवलं की भिंत फुगती, फुटती. इथं चुना हाय. बैलाच्या घाण्यात मळलेला, गूळ अन् बेलफळाचं पाणी घातलेला. अन् जागोजाग भिंतीच्या आरपार जाणारा एकेक लांब दगड टाकलाय, दोन्ही अंगं बांधून ठेवायला. हे बघ, ह्याचं तोंड इकडं हाय, शेपूट तिकडं बाहेर." ते बोलत होते आणि मी फॉर्मवर रकाने भरत होते. त्यांनी दोनदा म्हटलं, बाहेर येऊन शेपूट बघ. मला त्या दिवशी आणखी तीन इमारती उरकायच्या होत्या. मी गेले नाही.

तरी माझ्या कच्च्या अहवालात मी प्रामाणिकपणे 'दुरुस्तीयोग्य' असंच लिहिलं. सरांनी तो वाचला आणि चष्मा काढला.

"मॅडम, दुरुस्तीयोग्य म्हणजे इमारत वापरात राहणार. बरोबर? उद्या दुरुस्ती झाली नाही आणि त्या कोपऱ्यातला एक दगड एखाद्या बाईच्या डोक्यात पडला, तर सही कुणाची?"

"माझी."

"आणि लातूरचा माणूस दगडी इमारतीला पास करतो, हे मला नवलच वाटतंय."

एवढंच बोलले. जबरदस्ती अशी काही केली नाही. मी टेबलाशी येऊन बसले आणि माझ्या डोळ्यांपुढं आत्याचं घर आलं. आत कुठंतरी मला ठाऊक होतं की हे दोन वेगळे दगड आहेत. खात्री करायची तर एक दिवस लागला असता: भिंत एका जागी उघडायची, चुना तपासायचा. मी तो दिवस दिला नाही. 'दुरुस्तीयोग्य' खोडून मी 'धोकादायक, तातडीने रिकामी करावी' असं लिहिलं आणि सही केली.

महिन्याभरात मंडईच्या कमानीवर नोटीस लागली. मी भाजीला गेले तर मावशीनं मला हात धरून तिथं नेलं. "ताई, वाचा बरं. ज्याला त्याला इचारून राहिले, कुनी नीट सांगंना."

मी वाचून दाखवलं. त्यातली निम्मी वाक्यं माझी होती. तज्ज्ञांच्या पाहणीनुसार, असं त्यात होतं. माझं नाव नव्हतं.

"म्हंजी आमच्या डोक्यावर पडनार व्हती व्हय ही?" मावशीनं वर छताकडं बघितलं. "मला तर कधी भ्याव वाटलं न्हाई. पन शिकलेल्या मानसानं लिवलंय म्हनल्यावर खरंच असंल."

मी वांगी घेतली आणि घरी आले.

मंडई पाडायला सुरुवात झाली तेव्हा मी मुद्दाम बघायला गेले. ती एका फटक्यात बसावी, असं मला वाटत होतं. तसं झालं असतं तर मी सुटले असते. छप्पर पटकन उतरलं. मग जेसीबी भिंतीला भिडला आणि भिंत हलेना. पहिल्या दिवशी बकेटचा एक दात तुटला. दुसऱ्या दिवशी मोठा ब्रेकर आणला. चालक खाली उतरून माझ्या शेजारी पाणी पीत कुणाला तरी फोनवर सांगत होता, "साहेब, पडकी हाय म्हणला व्हता. ही तर किल्ल्यावानी हाय." फक्त मागचा कोपरा सहज निघाला. बाकीच्या भिंतींना कितीतरी दिवस लागले.

चाचा चहाच्या गाड्यावर बसून बघत होते. मी जवळ गेले. दगडांच्या राशीत एक लांब दगड आडवा पडला होता, दीड हाताहून जास्तच, दोन्ही टोकांना पांढरा चुना चिकटलेला. त्यांनी फक्त त्याच्याकडं बोट केलं. मला तिथं फार वेळ उभं राहवलं नाही.

त्या जागी आता निळ्या काचांचं चार मजली संकुल आहे. आपल्याकडच्या उन्हात काच लावायची, मग आत तापतं म्हणून एसी लावायचा आणि एसीची गरम हवा रस्त्यावर सोडायची. लातुरात आणि नांदेडात गेल्या काही वर्षांत जे उभं राहिलंय त्यातलं बरंचसं असंच आहे. रस्त्यांचंही तेच. जुना रस्ता न खोदता वर सिमेंटचा थर टाकतात, त्यावर पुन्हा थर. माझ्या माहेरच्या गल्लीत पूर्वी तीन पायऱ्या चढून घरात जावं लागायचं. आता दोन पायऱ्या उतरून जावं लागतं आणि पाऊस झाला की पाणी आधी आत येतं. हे सगळं करणारे माझ्यासारखेच शिकलेले लोक आहेत. आम्ही आपलं गाव कधी हात लावून पाहिलंच नाही.

भाजीवाल्यांना संकुलाच्या तळघरात जागा दिली. पुष्कळ पायऱ्या, वारा नाही, दिवसा दिवे लावावे लागतात. टोपली डोक्यावर घेऊन उतरणं जमत नाही आणि म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना चढणं. पावसाळ्यात पाणी साचलं. दोन-अडीच महिन्यांत सगळ्या बायका वर रस्त्यावर येऊन बसल्या. आता अतिक्रमणाची गाडी आली की त्यांना पळावं लागतं. मावशीचा तराजू दोनदा उचलून नेला.

पुढं देवणीकडच्या एका जुन्या दगडी शाळेची पाहणी माझ्याकडं आली. ह्यावेळी मी तीन दिवस दिले, भिंत उघडून पाहिली आणि 'दुरुस्तीयोग्य' लिहिलं. सरांनी माझ्याकडं बघितलं, पण कागद पुढं पाठवला. दुरुस्तीला चुन्याचं काम येणारा माणूस हवा होता. मी चाचांच्या घरी गेले. ते खाटेवर होते. अर्धांगवायूनं उजवा हात गेला होता. मुलं टाइल आणि पीओपीची कामं करतात. चुन्याला त्यांनी कधी हात लावला नव्हता.

मी म्हणाले, "चाचा, नुसतं सांगा. कसा मळायचा, किती दिवस भिजवायचा. मी लिहून घेते."

त्यांनी माझ्या वहीकडं बघितलं. "मी सांगत व्हतो तवा तू लिहूनच राहिली व्हतीस, बेटी. काय लिहिलंस?"

आवाजात राग नव्हता. त्यांनी सुनेला हाक मारून माझ्यासाठी चहा सांगितला. मग त्यांनी बरंच काही सांगितलं, पण मधेच अडखळायचे. "हाताला माहीत व्हतं," म्हणायचे. "तोंडाला येत न्हाई." मी जमलं तेवढं लिहून घेतलं. शाळेची दुरुस्ती झाली, पण त्या गिलाव्याला वर्षभरात बारीक चिरा पडल्या. प्रमाण कुठंतरी चुकलं होतं. विचारायला गेले तेव्हा चाचा गेल्याचं कळलं.

गेल्या उन्हाळ्यात मी मावशीकडं कोथिंबीर घेत होते. रस्त्याच्या कडेला तिनं छत्री बांधली होती आणि भाजीवर ओलं पोतं टाकलं होतं. अकरा वाजले नव्हते, तरी मेथी मान टाकत होती. तिची सून शेजारी बसून पाणी शिंपडत होती. मावशी तिला सांगत होती की पूर्वी मंडई होती तेव्हा असं शिंपडावं लागत नव्हतं. "कुण्या इंजिनीरनं लिवून दिलं म्हनं, पडनार हाय म्हून."

"मावशी," मी म्हणाले, "ते मीच लिहून दिलं होतं."

तिला आधी कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. पाहणी माझी, सही माझी. आणि इमारत पडणार नव्हती, हेही सांगितलं. सून शिंपडायची थांबली. मावशीनं माझ्याकडं बघितलं.

"तुमी व्हतात व्हय? अन् ती नोटीस बी तुमीच वाचून दावली मला."

"हो."

ती पोतं सरळ करत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एक गिऱ्हाईक आलं, दोन जुड्या घेऊन गेलं. मग ती माझ्याकडं वळली आणि अगदी साधेपणानं म्हणाली, "मंग आता दुसरं लिवून द्या की, ताई. पडनार नव्हती म्हून. चूक झाली म्हून लिवा. तुमच्या लिवन्यानं गेली न्हवं ती?"

मी लिहिलं. महापालिकेत दोन पानी पत्र लिहून दिलं, तारीख घातली, सही केली. त्याची पोच माझ्याकडं आहे. मावशी अजून अधूनमधून विचारते, काही उत्तर आलं का म्हणून.