सकाळी सातचे पॉवरहाऊस

ही वही कुणाच्या हाती पडलीच तर आधीच माफी मागते. माझे अक्षर वाकडे आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमले नाही. चौथीत शाळा सुटली, पुढे लग्न झाले आणि तीस वर्षे नवऱ्याच्या पिठाच्या गिरणीत गेली. चार माणसांत बोलायचे झाले तर माझ्या घशाला कोरड पडते. पण पॉवरहाऊसकाकांविषयी कुणी काही लिहून ठेवलेले नाही, म्हणून मीच लिहिते.

काकांची खोड अशी, की कुठलेही मशीन दिसले की त्यावर तळहात ठेवायचे आणि डोळे मिटायचे. फ्रिज, भांडी धुण्याचे मशीन, दुकानातली बर्फाची पेटी, काही सुटायचे नाही. इथे अमेरिकेत, मुलाच्या गावी श्रूजबरीत, एकदा एका बारशाला गेलो, तर सगळे पाळण्याभोवती आणि काका तळघरात, घर गरम करणाऱ्या भट्टीला हात लावून उभे. यजमानीण घाबरली. "काका, काही प्रॉब्लेम आहे का?"

"नाही गं, छान चाललीये. सगळे बाळाला छान म्हणतात, कुणीतरी हिलाही म्हणावं की!"

ते मूळ नागपूरचे. सगळी नोकरी सरकारी वीजघरांत झाली. निवृत्त झाल्यावर माणसे घरी बसतात, हे गेले आफ्रिकेत, लेसोथो नावाच्या लहानशा देशात. तिथे डोंगरच डोंगर, थंडीत बर्फही पडते. एका गावात ओढ्याचे पाणी पाटाने आणून, पाइपातून खाली सोडून चाक फिरवायचे आणि त्यावर वीज करायची, असे छोटे पॉवरहाऊस त्यांनी गावकऱ्यांबरोबर उभे केले. गावात दिवे आले, दवाखान्यात फ्रिज आला आणि मक्याची गिरणी सुरू झाली. मग गुडघे दुखू लागले, तेव्हा मुलगी मित्रा त्यांना इथे घेऊन आली. आमच्यापासून तिसरे घर. पोरेसोरे त्यांना पॉवरहाऊसकाका म्हणू लागली.

माझी त्यांची ओळख ड्रायरमुळे झाली. आमचा कपडे वाळवायचा ड्रायर ठकठक करू लागला. सून म्हणाली, "नवीन ऑर्डर करते." मुलगा म्हणाला, "थांब, काकांना विचारू." काका आले, हात ठेवला आणि म्हणाले, "पट्टा गेला." मी स्वयंपाकघरात होते. माझ्या तोंडून निघून गेले, "पट्टा नाही, आतलं चाक झिजलंय." सुनेने मोठ्याने ते काकांना सांगितले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. काकांनी मागचा पत्रा काढला, तर चाकच झिजलेले.

"ताई, कुठे शिकलात?"

"चौथीपर्यंत."

"शाळा नाही विचारली. मशीन कुठे शिकलात?"

"गिरणीत."

"मग उद्या सकाळी सातला या. काम आहे."

त्यांचे काम म्हणजे फोन. इथे सकाळचे सात, तेव्हा लेसोथोत दुपार असते. थाबो नावाचा तिथला ऑपरेटर पॉवरहाऊसमध्ये फोन मशीनजवळ धरायचा. काका आपला फोन टेबलावर ठेवायचे आणि मला विचारायचे, "हं ताई, काय म्हणतंय?" मी म्हणायचे, "पट्टा थोडा सैल आहे," किंवा "आज पाणी कमी येतंय." काका ते इंग्रजीत थाबोला सांगायचे. काही दिवसांनी माझ्या लक्षात आले, की बारीक आवाज काकांना ऐकूच येत नव्हते. इतकी वर्षे वीजघरात काढल्यावर कान कसे राहतील? पण ते कधी कबूल करायचे नाहीत. "फोन स्वस्तातला आहे," म्हणायचे. मीही कधी विचारले नाही.

मग एका वर्षी तिथे पूर आला. पाट वाहून गेला, चाकही मोडले. काकांनी इथल्या घरांमध्ये पैसे मागितले, पण देणगी म्हणून नाही. "दान नको, कर्ज द्या," ते म्हणाले. "फुकट मिळालेल्या मशीनला कुणी ग्रीस घालत नाही." गाव वीजबिलातून आणि मक्याच्या दळणातून दर महिन्याला हप्ता पाठवणार, असे ठरले. अकरा घरांनी पैसे दिले. दिवाळीच्या चकल्या विकून साठवलेले माझे दोनशे डॉलरही त्यात होते. लिखापढी काही नाही, काकांचा शब्द एवढाच कागद. तेव्हापासून काकांना एकच घोर होता. मशीन थांबले की हप्ता थांबणार आणि आपला शब्द खोटा पडणार.

वर्षभर हप्ते नीट आले. मग एका आठवड्यात फोनवरचा आवाज मला वेगळा वाटू लागला. तो बिघडला नव्हता, उलट फार गोड झाला होता. जाड आणि दबका, तोंडात घास असलेला माणूस बोलतो तसा. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. आमची गिरणी विकायला काढली, तेव्हा गिऱ्हाईक यायच्या आधी माझ्या नवऱ्याने झिजलेल्या बेरिंगमध्ये ग्रीस कोंबले होते, म्हणजे थोडा वेळ खरखर दबते. दहा मिनिटे मशीन लोण्यासारखे चालले आणि दहा मिनिटांत सौदा झाला. मी शेजारी उभी होते, काही बोलले नाही. ते मला अजून टोचते.

दोन दिवस मी गप्प राहिले. थाबोला कधी पाहिले नव्हते, त्याच्यावर आळ कसा घ्यायचा? तिसऱ्या दिवशी धीर करून म्हणाले, "काका, त्याला म्हणावं फोन बंद करू नको. पंधरा मिनिटं चालू राहू दे."

"का बरं?"

"आवाज फार गोड आहे."

काकांनी माझ्याकडे पाहिले आणि काही न विचारता थाबोला तसे सांगितले. मी कोथिंबीर निवडत बसले. बराच वेळ काही नाही. मग आतून खरखर सुरू झाली, आधी बारीक, मग खडे दळल्यासारखी. काकांना ती ऐकू आली नाही, पण माझा हात थांबलेला त्यांनी पाहिला.

ते थाबोशी इंग्रजीत बोलले. मला नंतर त्यांनी मराठीत सांगितले. काकांनी विचारले, "माझ्या फोनच्या आधी किती दिवस ग्रीस भरतोयस?" थाबो म्हणाला, "न्ताते, आठवडा झाला. मशीन बंद केलं तर हप्ता चुकेल आणि तिकडे लोक तुम्हाला बोलतील." न्ताते म्हणजे त्यांच्या भाषेत वडील.

काका आधी त्याला भरपूर ओरडले. मग एकदम हसू लागले. "अरे, मीही माझ्या साहेबाला महिनाभर असाच आवाज ऐकवला होता!" आणि माझ्याकडे वळून, "पण ताई, तुम्हाला कसं कळलं?" मी खाली मान घालून गिरणीच्या सौद्याचे सांगितले. आजवर कुणाला सांगितले नव्हते. काका म्हणाले, "चोराच्या वाटा चोराला ठाऊक. आपण तिघंही एकाच टोळीतले!" मला इतके हलके कधी वाटले नव्हते.

त्याच दिवशी त्यांनी मशीन बंद करायला लावले आणि अकराही घरांना स्वतः फोन केले. "या महिन्यात हप्ता येणार नाही. मशीन आजारी आहे." एक गृहस्थ होते, मनाने वाईट नव्हते, पण जीभ तिखट. ते म्हणाले, "काका, मशीन तुमचं आजारी आणि डॉलर आमचे ॲडमिट!"

"डिस्चार्ज मिळेल," काका म्हणाले. "नाही मिळाला तर बिल मी भरीन."

नवे बेरिंग शेजारच्या देशातून आले आणि शेवटचा चढ घोड्याच्या पाठीवरून चढले. तीन आठवडे गाव अंधारात होते, बायका मका घेऊन दुसऱ्या गावी दळायला जात होत्या. मशीन पुन्हा सुरू झाले त्या दिवशी मी तासभर ऐकत बसले.

"काय म्हणतंय?"

"काहीच म्हणत नाही, काका."

"बस्स. चांगलं मशीन काही म्हणत नसतं."

पुढच्या हिवाळ्यात काका गेले. झोपेतच गेले. पांढरे कपडे घालून सगळे जमले, बुद्धवंदना झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मित्रा काकांचा फोन घेऊन आमच्या दारात उभी. डोळे सुजलेले. "मावशी, थाबोचा फोन आहे. मला यातलं काही कळत नाही. तुम्ही ऐकाल?" मला इंग्रजीचे दोनच शब्द बोलता येतात, गुड आणि नॉट गुड. मी ऐकले आणि म्हणाले, "गुड." पलीकडे तो रडत होता. तेव्हापासून तो मला म्मे म्हणतो. म्हणजे आई.

तीनेक महिन्यांनी मित्राकडे जेवायला सगळे जमले होते. ते तिखट जिभेचे गृहस्थ म्हणाले, "काकाच राहिले नाहीत. उरलेले हप्ते सोडून देऊ. लेट्स क्लोज इट, यार." चांगल्या मनानेच म्हणाले. बऱ्याच जणांनी माना हलवल्या. मी मागे ताटे पुसत उभी होते. हातातले ताट खाली ठेवले आणि बोलले.

"नका सोडू. मी रोज ऐकते, मशीन चालू आहे. हप्ता पोचला का, असं थाबो दर महिन्याला मित्राला विचारतो. ते देताहेत आणि आपण मध्येच पुरे म्हटलं, तर काका तुमच्याकडे भीक मागून गेले असं होईल."

मग तेच गृहस्थ म्हणाले, "मावशी, तुम्ही बोलता? मला वाटायचं फक्त ऐकता!" सगळे हसले, मित्राही हसली. "बरं बाबा, घेतो. शेवटच्या सेंटपर्यंत घेतो."

त्यानंतर हप्ते येत राहिले. एकदा पाणी आटल्यामुळे अर्धाच आला, पुढच्या महिन्यात दीड आला. आता गावाला वरच्या वाडीपर्यंत तारा न्यायच्या आहेत, आणि त्या ते आपल्याच पैशांतून नेणार आहेत. थाबोने खांबांचे फोटो पाठवले. सरळ उभे आहेत.

गेल्या मंगळवारी शेवटचा हप्ता आला. मित्राने त्याच दुपारी वाटे करून सगळ्यांना पाठवले. माझ्या वाट्याचे सुनेने फोनवर दाखवले. अकरा घरांचे पैसे पूर्ण फिटले.