बैल उजवीकडे, घोडा डावीकडे: आप्पांसोबत चार दिवस दिल्ली

दिल्लीला जायचं ठरलं ते एका फोनमुळे. माझे वडील, आमचे आप्पा, सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. शाळेच्या दर्शनी भिंतीवर त्यांनी तीस वर्षांपूर्वी राजमुद्रा रंगवली: तीन सिंह, मध्ये चक्र, खाली स्वतःच्या हातानं ‘सत्यमेव जयते’. यंदा वर्धापनदिनी त्याच भिंतीसमोर त्यांचा सत्कार ठरला होता. तेवढ्यात शाळेतल्या नव्या शेख मॅडमचा फोन आला. बिचारीनं फार अवघडत सांगितलं, “सर, राग मानू नका, पण आपल्या चित्रात बैल आणि घोडा उलटसुलट झालेत.”

आप्पांनी खिशातलं नाणं काढलं आणि भिंग लावलं. चक्राच्या उजवीकडे बैल, डावीकडे घोडा. भिंतीवर नेमकं उलट! त्या दिवसापासून फिरायला जाणं बंद. सत्काराला यायचं नाही, असा निरोपही त्यांनी परस्पर देऊन टाकला.

“अहो आप्पा, तीस वर्षांत कुणाला दिसलं नाही, आता काय एवढं?” मी म्हटलं.

“वर चुकीचं चित्र काढायचं आणि खाली सत्यमेव जयते लिहायचं! कुठल्या तोंडानं उभा राहू तिथं? आणि मंजू, मी बघून काढलं होतं गं. मग चुकलं कसं?”

हे ‘कसं’ त्यांना झोपू देईना. माझा भाचा निखिल दिल्लीत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. म्हटलं, चला, चार दिवस हवा तरी बदलेल. तिकिटं काढूनच आप्पांना सांगितलं. विचारलं असतं तर ‘नाही’च म्हणाले असते.

फेब्रुवारीत जाणार असाल तर स्वेटर हाताशी ठेवा. निजामुद्दीनला पहाटे उतरलो तेव्हा दात वाजत होते. मुक्काम कस्तुरबा गांधी मार्गावर, आपल्या राज्याच्या अतिथिगृहात. खोली आधीच मागून ठेवावी लागते, पण सकाळी पोहे मिळतात आणि आजूबाजूला मराठी कानावर पडतं. आप्पांना तेवढंच बरं वाटलं.

पहिला दिवस कर्तव्य पथ आणि आसपासच्या सरकारी इमारती. पायी फिरायला झकास, रस्ते रुंद, सावली भरपूर. लोक फोटो काढत होते आणि आमचे आप्पा प्रत्येक फाटकापाशी थांबून मुद्रेच्या पायाकडे बघत पुटपुटत होते, “बैल उजवीकडे.” एका शिपायानं विचारलंच, “अंकलजी, कुछ गिर गया क्या?” मला हसू आवरेना. आप्पांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसू गेलं.

दुसऱ्या दिवशी निखिल आम्हाला फिरोजशहा कोटल्याला घेऊन गेला. दिल्ली गेट स्टेशनवर उतरलात की चालत पोहोचता. मेट्रोचं कार्ड पहिल्याच दिवशी काढा, रिक्षावाल्यांशी हुज्जत वाचते. इथं अशोकाचा खरा स्तंभ आहे, एका सुलतानानं लांबून आणून उभा केलेला. वर सिंह मात्र नाहीत. राजमुद्रेतले सिंह सारनाथच्या स्तंभावरचे. त्या दिवशी नेमका गुरुवार. लोक भिंतीच्या कोनाड्यांत इथं राहणाऱ्या जिनांसाठी, म्हणजे अदृश्य आत्म्यांसाठी, अर्ज ठेवत होते, अगदी छायाप्रती जोडून! दिवे, उदबत्त्या, वर घिरट्या घालणाऱ्या घारी. मला ही जागा फार आवडली.

निखिलनं आजोबांची समजूत घालायला सुरुवात केली. “आप्पा, मूळ शिल्प तर गोल आहे ना यार. चार सिंह, आपल्याला तीनच दिसतात. म्हणजे मागून बघितलं तर बैल-घोडा उलटे दिसत असतील, बिल्कुल शक्य आहे.”

“मागच्या बाजूला हत्ती आणि सिंह आहेत,” आप्पा म्हणाले. “मला यार म्हणू नकोस आणि फसवूही नकोस.”

पण मग गवतावर बसून त्यांनी स्वतःच सांगितलं, की हे चारही प्राणी बुद्धाच्या आयुष्यातल्या खुणा आहेत असं काही जण मानतात. हत्ती म्हणजे आईला पडलेलं स्वप्न, घोडा म्हणजे घर सोडून जाणं. किती दिवसांनी ते शिकवायच्या आवाजात बोलत होते!

तिसऱ्या दिवशी करोल बाग. निखिलच्या खोलीवर जेवून आम्ही गाड्यांच्या सामानाच्या बाजारातून निघालो. तुमच्याकडे गाडी असेल तर इथं दिवस पुरणार नाही. नसेल तर पाकीट सांभाळून चाला. एका दुकानाबाहेर एक पेंटर टेम्पोच्या दारावर अक्षरं उठवत होता. जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर छाप कापलेला, त्यावरून रंगाचा बोळा फिरवायचा. प्रत्येक वेळी तो फिल्म पुसायचा, उजेडात धरून बघायचा आणि मगच लावायचा.

“देखते क्या हो हर बार?” आप्पांनी विचारलं.

“पोंछने में पलट जाती है, अंकलजी. फिल्म दोनों तरफ से एक जैसी दिखती है. उल्टी लग गई तो काम गया.”

आप्पा तिथंच दुकानाच्या पायरीवर बसले. मी घाबरले, पाणी काढलं. त्यांनी हातानं थांबवलं.

“मंजू, मीही एक्स-रेच कापला होता. तुझ्या आईच्या गुडघ्याचा. आधी वर्तमानपत्रावर करून पाहिलं, फिल्म पुसली आणि भिंतीवर लावली. पलटली असणार! सिंह दोन्हीकडून सारखेच दिसतात, मला कळलंच नाही. अक्षरं नंतर हातानं काढली, ती सरळ आली.” आणि मग जे हसले! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पेंटरनं चहा मागवला. आमच्याकडून पैसे घेईना.

चौथा दिवस फक्त झोप आणि परतीची गाडी. गाडीतूनच आप्पांनी शाळेत फोन केला: येतोय.

सत्काराच्या दिवशी शाल अंगावर पडताच त्यांनी माईक घेतला आणि पोरांना सगळं सांगितलं, पुसलेल्या फिल्मसकट. सरपंच त्यांचाच विद्यार्थी. तो उठून म्हणाला, “सर, चित्र राहू द्या की आहे तसं. आम्हाला चालतंय.”

“मला नाही चालत,” आप्पा म्हणाले.

दिल्लीहून मी काय आणलं, असं मैत्रिणी विचारतात. दोन ओढण्या आणल्या. पण मनात राहिली ती सत्काराच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. आप्पांनी दोन्ही प्राणी खरवडून काढले, घोडा डावीकडे हातानंच रंगवला आणि ब्रश शेख मॅडमपुढे धरला.

“बैल तुम्ही काढा.”

“सर, मी? माझं चित्र फार वाईट आहे हो!”

“असू दे. तुम्हाला दिसलं, तुम्ही काढा.”

मॅडमनी अर्धा तास घाम गाळला. बैल चांगलाच जाड झाला. आप्पा चार पावलं मागे गेले, चष्मा सारखा केला, बराच वेळ बघत राहिले.

“बरोबर जागी आहे,” ते म्हणाले.