अनसिंगच्या बकरीची बातमी

जगात कुठेही कुणी चित्रकथा काढायची थांबवली, की रिसोडात माझ्या साडूंना जेवण जात नाही. पेपरातल्या नव्हे, इंटरनेटवरच्या. आठवड्याला एक भाग टाकायचा आणि लोकांनी फोनवर वाचायचा, त्याला वेबकॉमिक म्हणतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. साडूंना स्वतःला रेघ मारता येत नाही. एकदा त्यांनी नातीला कोंबडी काढून दिली, तर तिने तिला चाकं लावून घेतली. पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दीड महिना पलंगावर पडून काढावा लागला, तेव्हा लेकीने हातात फोन दिला, आणि हा माणूस जो त्यात शिरला तो अजून बाहेर आलेला नाही. जपानपासून जळगावपर्यंत कोण काय काढतंय, कोणाचा भाग उशिरा आला, कोण रुसलं, कोणी नवीन कथा सुरू केली, हे सगळं त्यांना पाठ. "भाषा येत नाही, मग समजतं कसं?" असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तुमाले तुमच्या बायकोचं सारंच समजते काय? तरी चाललंच ना!" त्यांची मेहुणी म्हणजे माझी बायको तिथेच बसली होती, म्हणून मी विषय वाढवला नाही.

आता मूळ गोष्ट अशी, की साडू वीसेक वर्षं एका दैनिकाचे तालुका वार्ताहर होते. ते दैनिक बंद पडलं, पण हाताची खाज गेली नाही. म्हणून ते दर शनिवारी फोनवरच्या एका ग्रुपवर वेबकॉमिकवाल्यांचं बातमीपत्र काढतात, आणि भाषा थेट तालुका पानाची. 'फिनलंड येथील होतकरू चित्रकर्तीच्या कथेस दोनशे भाग पूर्ण झाल्याबद्दल सर्वत्र अभिनंदन होत आहे.' सर्वत्र म्हणजे कुठे हो, असं विचारलं तर म्हणतात, "मी करून राह्यलो ना सध्या! बाकीचे येतीन मागून." पुढे या फिनलंडच्या पोरीने मनगट दुखतं म्हणून एक आठवडा सुट्टी घेतली. साडूंनी फोनकडूनच भाषांतर करून घेऊन तिला विचारलं, कोणत्या हाताचं, आणि हळद-मिठाचा गरम लेप सांगितला. पुढच्या भागात तिच्या नायिकेच्या हाताला पिवळा लेप होता! त्या शनिवारी पहिलीच बातमी: 'रिसोडच्या उपचाराने परदेशात आराम.' आता बोला.

पण त्यांचा खरा हातखंडा निधनवार्तेचा. शंभर दिवस भाग आला नाही, की ती कथा वारली असं साडू धरतात. 'अमुक कथेचे अल्पशा विश्रांतीनंतर निधन झाले. तिच्या पश्चात एकशे बारा भाग, दोन अर्धवट पाने व मोठा वाचकपरिवार आहे.' मात्र चौकशी केल्याशिवाय एक ओळ लिहीत नाहीत, कारण दैनिकात असताना ऐकीव माहितीवर त्यांनी एका हयात गुरुजींना वारवलं होतं. गुरुजी कात्रण घेऊन घरी आले, तासभर बसले, दोनदा चहा प्यायले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "मी कसा दिसतो?" म्हणून विचारत राहिले. तेव्हापासून परदेशातल्यांना ते निरोप पाठवून विचारतात, आणि जवळचा असेल तर स्वतः जाऊन बघतात.

जवळचं असं एकच होतं. अनसिंगची एक कॉलेजातली पोरगी 'बकरीचं म्हणणं' नावाची चित्रकथा काढायची. दर गुरुवारी तिच्या घरची बकरी घरातल्या कागाळ्या सांगायची, बस्स. साडूंचा जीव होता त्या बकरीवर. "बाकी सारे जगाचे, हे आपलं आहे," म्हणायचे. आणि नेमके तिचेच भाग बंद झाले. शंभरावा दिवस उलटला तशी साडू सकाळच्या एसटीने वाशिमला माझ्या दारात हजर. चेहरा असा, की बायकोने आधी माहेरी फोन लावला. "चला अनसिंगले," म्हणाले. "मले एकट्याले जावत नाही."

घर सापडलं. अंगणात बकरी बांधलेली होती. साडू तिच्यासमोर उभे राहिले आणि एकदम दचकले. "शिंग तं साबूत आहे हिचं! चित्रात तुटकं हाये ना?" पोरगी ओशाळून म्हणाली, "तुटकं बरं दिसते, काका." त्यांच्यातल्या वार्ताहराला ते लागलं, पण गिळलं त्यांनी. मग खाटेवर बसून घसा खाकरत विचारलं, "काहून बंद केलं, बाई? कोणी काही बोललं काय?"

"नाही जी. बाबा परत आले ना." तिने ओसरीवर बसलेल्या माणसाकडे पाहिलं. "सेंट्रिंगच्या कामावर पुण्याले होते चार वर्सं. आता वाशिमातच काम लागलं. त्यायलेच घरचं कळावं म्हणून काढत होती मी. आता ते इथंच आहेत, तं कोणाले सांगू?"

बाप हसला. "पुण्याले होतो तवा दर गुरुवारी सारं समजे, भाऊ. बकरीनं कोणाची भाजी खाल्ली, हिची माय कोणावर चिडली. आता घरातच बसलो तं मले कोणी काहीच सांगत नाही!"

"इचारत जा ना मंग!" आतून आवाज आला, आणि पाठोपाठ चहा.

निघताना साडूंनी पोरीला विचारलं, "महिन्यातून एखादा भाग?" ती बापाकडे बघून म्हणाली, "पाहू, काका." त्यातलं 'नाही' मलासुद्धा ऐकू आलं. बसमध्ये ते एकदम माझ्यावरच उखडले, "आता बापाले परत पुण्याले जाय म्हणू काय मी?" थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाले, "बरं झालं. लय बरं झालं." पण डोळे पुसले त्यांनी, मी पाहिलं. मलाही वाईट वाटलं, आणि एका घरात माणूस परतला म्हणून आपल्याला वाईट वाटावं याची लाजही वाटली.

त्या शनिवारी निधनवार्ता आली नाही. एवढीच ओळ होती: 'अनसिंगचे बाबा घरी आले आहेत.' ना अभिनंदन, ना सर्वत्र. ती ओळ भाषांतर होऊन फिनलंडलाही गेली, आणि तिथल्या पोरीने उत्तरादाखल एक बकरी काढून पाठवली, दोन्ही शिंगांची. साडूंनी ती मला दाखवली, फोन खिशात ठेवला आणि म्हणाले, "साडूभाऊ, गुरुवार लय लंबा वाटते हो आता."

"मलाही," मी म्हणालो. त्यांना वाटत होतं मी 'बकरीचं म्हणणं' कधी वाचलंच नाही.