गोधडीशेजारचं कार्ड

आमच्या नवागामच्या गल्लीत संग्रहालय करायचं ठरलं तेव्हा सगळ्यांत जास्त मीच हसले होते. मंडळाच्या खोलीत कसलं आलंय संग्रहालय! पण अक्षर बरं म्हणून वस्तूंची कार्डं लिहायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. नियमही मीच केला. ज्याची वस्तू, त्यानंच तिची गोष्ट सांगायची. मी ती मोबाइलवर रेकॉर्ड करून चार ओळींत कार्डावर उतरवायची. हे शहाणपण मला चांगलंच भोवलं.

आमच्या घरून मी वडिलांची गोधडी दिली. वडील आता नाहीत. गावाकडून येऊन कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात नवे होते तेव्हा ते एका खोलीत दहाबारा जणांबरोबर राहायचे आणि दोघांत मिळून एकच गोधडी असायची. दिवसपाळीवाला परतला की रातपाळीवाला उठून कामावर जायचा. वडिलांच्या गोधडीतले वाटेकरी काका पुढच्याच गल्लीत राहतात. वडिलांची गोष्ट मी सांगायची, काकांची काकांनी, इतकं साधं काम होतं.

माझी गोष्ट तयारच होती. मी जन्मले तेव्हा आई माहेरी, अमळनेरकडे होती. निरोप येताच वडील माग चालू सोडून स्टेशनवर पळाले. मागे धागे तुटून कापडाचा अख्खा ताका वाया गेला आणि दुसऱ्या दिवशी वडील पेढ्यांचा पुडा घेऊन दारात हजर. घरी येईल त्याला ते हे ऐकवायचे. लहानपणापासून मी त्या ताक्यावर मिरवत आलेय.

काकांनी रेकॉर्डिंगला हीच गोष्ट सांगितली. तोच ताका, तोच पुडा. फक्त मुलगी त्यांची.

"काका, हे तर आमचे वडील," मी म्हटलं.

"नही बेटा, मीच गयथू. तुम्ही दोन्ही पोरी एकच आठोडामा जनम्यात. दोन्ही बापेसले सुटी कोन दी? तुना बापले मी झोपमाईन उठाडं. मंग दोन्ही पाळ्या त्यानीच कऱ्यात."

"मग आमचे वडील कधी आले?"

"ते तुनी मायले इचार."

आईला विचारलं, तर ती लसूण सोलता सोलता म्हणाली, "माले काय आठवस का बाई? त्या टाइमले शुद कोनले व्हती?"

शेजारणींशी झालेली जुनी भांडणं तारीखवार सांगणारी माझी आई हे मात्र विसरली होती.

मला कुणावर चिडावं तेच कळेना. वडील खोटं बोलले? की पाळी बदलताना एकमेकांना सांगून सांगून दोघांच्या गोष्टींची खिचडी झाली? की काकांचंच वय झालंय? दुसऱ्याला त्याची मुलगी बघता यावी म्हणून वडील दोन्ही पाळ्या उभे राहिले असतील, तर ते मोठंच आहे. पण खरं सांगते, मला तो मोठेपणा नको होता. मला ते दारात हवे होते.

संग्रहालय उघडलं त्या दिवशी गोधडी टेबलावर घडी घालून ठेवली होती आणि तिच्याशेजारी माझं कोरं कार्ड. शेजारणींनी विचारलं, ही कुणाची? मी तोंड उघडायच्या आत आई पुढे झाली.

"हिना बापनी. ही जनमनी तैं माग चालूच सोडीसन पयत ऊना तो. हातमा पेढास्ना पुडा व्हता."

काका समोरच खुर्चीत बसले होते. मी त्यांच्याकडे बघितलं. आता ते खरं काय ते सांगणार, असं वाटलं.

"हा," काका म्हणाले. "गयथा तो."

माझ्या मोबाइलमध्ये त्यांचाच आवाज होता, मीच गयथू, मीच गेलो होतो म्हणणारा. आईनं गोधडीची घडी सारखी केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "लिख ना आते."

मी पेन उघडलं. वडिलांचं नाव लिहिलं, आणि पुढे हात चालेना.