चपला बाहेर, मशीन झोपली आहे

आमच्या घरी चपला काढण्यावरून जितकी भांडणं झाली, तितकी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरूनही कधी झाली नाहीत. धुऱ्याच्या भांडणाला निदान कोर्टाची तारीख तरी मिळते. चपलेच्या भांडणाचा नुसता किस्सा होतो. एक सांगायला बसलं की दुसरा आठवतो, आणि दुसरा संपायच्या आत समोरची बाई म्हणते, "अवो, तो मोज्याचा सांगा ना!" म्हणून म्हटलं, एकदाचे लिहूनच टाकावे. मी चौथी पास आहे. कुठं चुकलं तर मनातल्या मनात दुरुस्त करून घ्या, मला सांगायला येऊ नका.

आधी घरची ओळख. गाव आमचं आसेगावजवळ, तालुका मंगरूळपीर. माझा नवरा वीस हंगाम थ्रेशरवर होता. सोयाबीन, तूर, हरभरा. ज्याच्या शेतात मळणी त्याच्या शेतात हा, तोंडाला दुपट्टा बांधून. आणि जयंतीला गायन पार्टीत पहिला आवाज याचाच. एका दमात अख्खं कडवं म्हणायचा. आता एका दमात एक ओळ होते, तीही कशीबशी. वाशीमच्या डॉक्टरनं सांगितलं, "यांना धुळीपासून दूर ठेवा." वऱ्हाडात माणसाला धुळीपासून दूर ठेवा! म्हणजे मासोळीला सांगा, पाण्यात जाऊ नको!

मुलगी शीतल. मंगरूळला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. तिनं एकेक करून गाणं भरायच्या, म्हणजे रेकॉर्डिंगच्या मशिनी आणल्या आणि आमची कुटाराची खोली मागून घेतली. जनावरांचा भुसा ठेवायची खोली ती! मी म्हटलं, "काहून वं? बाकी घर काय कमी पडलं?"

म्हणाली, "आई, त्या खोलीले एकच दार आहे न खिडकी नाही. अन् बाबाचं गाणं भरायचं आहे. आवाज आहे तोवर."

गाणं त्यानं स्वतः रचलेलं, शेतात तण निंदायला जाणाऱ्या त्याच्या मायवर. "माय गेली निंदायले, पाटी ठेवून दारी." कागदावर नाही, कशातच नाही, फक्त त्याच्या छातीत. आणि छातीचं तर असं.

कुटार काढलं, खोली धुतली. पहिल्याच दिवशी हा मोठ्या हौसेनं आत गेला, आणि असा खोकला लागला की दोघींनी धरून बाहेर आणला. भिंतीच्या फटीफटीत भुसा बसलेला होता ना!

त्या दिवशी मी त्या खोलीचा चार्ज घेतला. फटी बुजवल्या, दाराखाली जुन्या सतरंजीची पट्टी मारली. चपला बाहेर, पाय ओल्या फडक्यावर, दुपट्टा अंगणात झटकायचा, मग आत. कोणी काहून विचारलं की सांगायचं, "मशिनीले धूळ चालत नाही." नवऱ्याचं नाव घेतलं असतं तर कोणी ऐकलं नसतं. मशिनीला सगळे भितात!

*

माझ्याकडे शिलाई मशीन आहे. शीतल म्हणाली, "आई, सगळ्यावर काही झाकायले शिवून दे." मी कामाला लागले. दोन स्पीकरला माझ्या जुन्या लुगड्याच्या बंड्या शिवल्या, पदराचा काठ बरोबर समोर आला. मिक्सर म्हणून एक बटणांची पाटी असते, तिला दुलई. माईक राहिला. त्याचं डोकं पाहिलं, गोल, लहान, मान बारीक. हात आपोआपच वळला. मी त्याला टोपडं शिवलं. बंदासकट. झालर लावून!

दुसऱ्या दिवशी मंगरूळहून रशीदचाचा आले. पेट्या दुरुस्त करतात, म्हणजे बाजाच्या पेट्या. नवऱ्याची न त्यांची तीस वर्षांची दोस्ती. चपला काढून, पाय पुसून आत गेले. दुलईतला मिक्सर पाहिला. टोपड्यातला माईक पाहिला. हळूच बाहेर आले न मला म्हणतात, "भाभी, बारसं कवा ठेवलं?"

*

माईकला एक फोमचा गोळाही असतो, थुंकी न हवा लागू नये म्हणून. त्यावर धूळ बसलेली दिसली. मी तो कपड्याच्या पावडरीत भिजवला, चोळला, पिळला आणि कुंपणाच्या भिंतीवर वाळत घातला. निवडून तिथंच! अर्ध्या तासानं पाहते तर आमची बकरी शांतपणे रवंथ करत होती.

शीतल संध्याकाळी आली. "आई, फोम?"

"बकरीले विचार."

नवा मागवला, तो यायला आठवडा. शीतल पैसे घेऊन बाहेरच्यांचंही भरून देते, आणि त्याच आठवड्यात गावातला ग्रामपंचायतीचा एक उमेदवार प्रचाराचं भरायला आला. मग काय करता? नवऱ्याचा सुती मोजा माईकला चढवला. धुतलेला होता, उगाच तोंड वाकडं करू नका. उमेदवार मोज्याला ओठ लावून दहा वेळा म्हणाला, "गावाचा विकास, हाच माझा ध्यास!" मधेच थांबला.

"काकू, वास कायचा येऊन राह्यला हो?"

मी म्हटलं, "निवडणुकीचा असंन. तुमी बोला."

माणूस निवडून आला! तेव्हापासून आमच्याकडे जो कोणी प्रचाराचं भरायला येतो, तो दारातच हळू आवाजात विचारतो, "काकू, तो मोजा आहे का अजून?"

*

ही गोष्ट मला लिहायची नव्हती. शीतल म्हणाली, "बाकीच्यायचे लिहितं, तुह्यं बी लिही."

मिक्सरवर सरकवायचे खटके असतात, वरखाली केले की आवाज कमीजास्त होतो. त्यांच्या फटीत धूळ गेली आणि खर्र खर्र आवाज यायला लागला. खर्र खर्र मी ओळखते! वीस वर्षं शिलाई मशीन चालवली. शीतल क्लासला गेलेली. मी तेलाची कुपी घेतली न प्रत्येक फटीत दोन दोन थेंब सोडले. खटके असे सरकायला लागले, जसं लोण्यात बोट! दोन दिवस मी गावभर सांगत फिरले, की ही पोरगी एवढी शिकली पण मशीन मायनं दुरुस्त केली.

तिसऱ्या दिवशी सगळे खटके जाम. तेलाला धूळ चिकटली, न तिचा काळा लगदा झाला. नेमका त्या दिवशी तिच्या बापाचा श्वास जरा मोकळा होता, तो गायला बसला होता. पहिली ओळ म्हटली, "माय गेली निंदायले," आणि शीतलनं कान झाकले. गाण्यात सगळं खर्र खर्र. तशी मोकळी छाती पुन्हा पंधरा दिवस झाली नाही. शीतल माझ्याशी बोलली नाही. मीही बोलले नाही, पण माझं न बोलणं रागाचं नव्हतं.

रशीदचाचांनी मिक्सर उघडला. स्पिरिट न दात घासायचा जुना ब्रश घेऊन दुपारभर एकेक फट साफ केली. मी बाजूला चहा घेऊन उभी, गुन्हेगारासारखी. काम संपल्यावर चहाचा घोट घेतला न म्हणाले, "भाभी, धूळ तर पाहुणी आहे, येते न जाते. तुमी तेल टाकून तिले मुक्कामाले ठेवून घेतलं!"

*

मग सोयाबीनचा हंगाम आला. आमच्या शेजारी वंदना राहते. तिच्या अंगणात गंजी लागली, थ्रेशर आलं, आणि भुसा फेकायचं तोंड बरोबर आमच्या दाराकडे. हवाही तिकडूनच. मी जाऊन ट्रॅक्टरपुढं उभी राहिले.

"वंदने, हवा पाहून मळणी कर!"

"अवो बाई, वर आभाळ पाह्य! तुह्या मशिनीसाठी माह्यं सोयाबीन भिजू देऊ काय? झाकून टाक ना तुह्या मशिनी!"

आभाळ खरंच भरलं होतं. तिचं काही चुकत नव्हतं. पण मी चूक-बरोबर पाहायला गेलेच नव्हते. मी ओरडले, "मशिनी झाकल्या वं! माणूस कसा झाकू?"

तोंडातून निघूनच गेलं. मजुरांनी काम थांबवलं. त्यातले दोघं नवऱ्याच्या हाताखाली शिकलेले होते. वंदनानं माझ्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, आणि ड्रायव्हरला म्हणाली, "फिरव रे."

"कुठी फिरवू, मावशी? इकडं तर तुमचंच घर आहे."

"मंग? माह्या घरात दमेकरी नाही. झाडीन मी."

संध्याकाळपर्यंत तिचं घर आतून-बाहेरून पिवळं झालं. दुसऱ्या दिवशी मी झाडू घेऊन गेले. तिनं मला दारातच अडवलं. आणि काय म्हणावं तिनं? "चपला बाहेर काढ!"

*

वंदनाचं थ्रेशर फिरलं तरी गावभर मळणी चालूच; त्या दिवसांत नवऱ्याला कुठं ठेवावं? घरात भुसा, अंगणात भुसा. शेवटी शीतलच्या गाणं भरायच्या खोलीत बसवला. अर्ध्या तासानं डोकावून पाहते तर हा सतरंजीवर झोपलेला. आडवा! दोन वर्षं झाली, हा माणूस उशांना टेकून बसल्या बसल्या डोळा लावत होता. मी दार लावलं आणि बाहेर स्टूल टाकून बसले.

नेमके वाशीमहून एक गायक आले. लग्नात गाणारे, पांढरा शर्ट, डोळ्याला गॉगल. शीतलनं दुपारची वेळ दिली होती.

मी म्हटलं, "थांबा जरा. मशीन आराम करून राह्यली."

"आराम? मशीन कशी आराम करते हो मावशी?"

"गरम झाली. चपला काढून ठेवा तोवर."

बिचारे चपला काढून पाऊण तास ओसरीत बसले. चहा पाजला, चिवडा दिला. आतून आवाज यायला लागला. त्यांनी कान टवकारला.

"मावशी, मशीन घोरून राह्यली काय?"

मी म्हटलं, "नवीन मॉडेल आहे!"

*

तिथं झोप मिळायला लागली तसा श्वास थोडा जमायला लागला. हिवाळ्यात गाणं सुरू केलं. एका दिवशी एक ओळ, कधी दोन. ओळ म्हणायचा, थांबायचा, छाती वाजायची, मोठ्ठा श्वास ओढायचा, मग पुढची. कधी नुसताच बसायचा. मी रोज सकाळी ओलं फडकं फिरवायचे, टोपडं काढायचे, दार लावायचे न बाहेर स्टुलावर. पंचवीस दिवसांत तीन कडवी झाली.

शीतलनं कॉम्प्युटरवर सगळं जोडलं न मला ऐकवायला बसवलं. ऐकलं. आवाज अगदी तिशीतला! एका दमात कडवं! मी ऐकत राहिले, पण काहीतरी चुकत होतं. मी म्हटलं, "मंधातले श्वास कुठी गेले?"

"काढले ना, आई. ते कचराच असते आवाजातला. साफ केलं."

"हा कोण गाऊन राह्यला मंग?"

"आई! बाबाच आहेत!"

"मी त्याच्या बाजूले झोपते. मले नको सांगू. जसं होतं तसं ठेव."

"लोक हसतीन, आई. छाती वाजते त्यात. शिट्टीसारखी ऐकू येते."

मी उठले, नवऱ्याकडे गेले न विचारलं, "तुमी सांगा. कोणतं ठेवायचं?" तो खाटेवर बसला होता. त्यानं उशी मांडीवर ओढली. मग म्हणतो, "शीतलची माय, तवा मी एका दमात गात होतो, कारण मले थांबायची गरज नव्हती. आता थांबतो तर मले माय दिसते." एवढं बोलायला त्याला तीनदा थांबावं लागलं.

शीतलनं श्वास परत टाकले. सगळे. मोजून.

जयंतीला विहारासमोर मांडव पडला. मी सकाळपासून मांडवापुढं चार वेळा पाणी मारलं. लोकांना वाटलं, जयंतीचा सडा! नवऱ्याला तोंडाला ओला रुमाल बांधून खुर्चीत बसवला, एका बाजूला मी, एका बाजूला वंदना. रशीदचाचा मागे उभे. गायन पार्टीची गाणी झाली आणि शीतलनं ते लावलं.

"माय गेली निंदायले, पाटी ठेवून दारी." ओळ सोपी आहे, लोकांनी लगेच उचलली. पण पहिल्या कडव्याला सगळे त्याच्यापुढं पळाले. स्पीकरमधून तो श्वास ओढत होता, छाती वाजत होती, आणि लोक पुढची ओळ म्हणून मोकळे. एकदोन पोरं हसलीही. मी पदर खोचला होता, उठणारच होते. चाचांनी मागून खांद्यावर हात ठेवला.

दुसऱ्या कडव्याला पुढच्या रांगेतल्या बाया थांबल्या. त्यांच्यामागचे थांबले.

तिसऱ्याला अख्खा मांडव ओळ म्हणायचा आणि थांबायचा. शंभर माणसं, कोणाचा आवाज नाही, नुसती ती शिट्टी. मग सगळ्यांनी मिळून श्वास ओढायचा न पुढची ओळ.

शेवटच्या ओळीच्या आधी स्पीकरमधला तो पुन्हा थांबला. थांबला तो थांबलाच. सगळा मांडव तोंड उघडून थांबला. वंदनानं खुर्चीमागून माझं मनगट इतकं दाबलं की बांगडी रुतली.

"श्वास घे म्हण वं त्याले," ती म्हणाली. "आता घे म्हण."

आणि त्यानं घेतला!