बिल्टीनाना आणि गुवाहाटीचा रस्ता

हा देश ज्या मोजक्या माणसांमुळे एकसंध राहिला, त्यांत नसरापूर फाट्यावरच्या बिल्टीनानांचं नाव घ्यावंच लागेल. इतिहासाने ते अजून घेतलेलं नाही. मत मुळात नानांचंच. रोज शाळा सुटल्यावर भोरच्या एसटीची वाट बघत मी त्यांच्या ऑफिसात बसायचो आणि ते इतक्या वेळा ऐकायचो, की आता मला ते माझंच वाटतं. "आमी गाड्या न्हाई लावल्या, तर गुवाहाटीच्या मान्साला पुन्याचा पंप कुठनं मिळंल? आन् पुन्याच्या मान्साला तिकडचा च्या कोन दील? मग कसला येक देश, गुर्जी?"

ऑफिस म्हणजे पत्र्याची खोली, एक टेबल आणि दोन खुर्च्या, त्यांतली एक बसण्याजोगी. पुण्याकडच्या कारखान्यांचा माल गुवाहाटीच्या ट्रकात भरून द्यायचा आणि परत येताना त्याच ट्रकातून चहाची पोती आणवायची, हा नानांचा धंदा. कोणाचा माल, कोणाला जायचा, किती नग, हे लिहिलेला जो कागद ट्रकबरोबर जातो, ती बिल्टी. नाना ती स्वतः लिहीत, आणि लिहिताना कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. आमचे मुख्याध्यापक शाळा सोडल्याचा दाखला लिहिताना इतके गंभीर नसत. या बिल्टीपायी त्यांचं खरं नाव मागे पडलं. मलाही ते आठवत नाही.

फोनवर बोलण्याची त्यांची एक पद्धत होती. साताऱ्याच्या माणसाशी ते बसून बोलत. नागपूरचा फोन असला की आवाज चढे. गुवाहाटीचा असला तर उभे राहत, पूर्वेकडे तोंड करत आणि ओरडत. मोबाईलला अंतर कळत नाही, असं मी एकदा सुचवून पाहिलं. "मोबाईलला कळत न्हाई, मान्साला कळतं," नाना म्हणाले आणि पुन्हा ओरडू लागले.

भिंतीवर भारताचा नकाशा होता. आमच्या शाळेने तो निकालात काढला, तेव्हा मीच त्यांना आणून दिला. छत्तीसगड व्हायच्या आधीचा. त्यामुळे नानांच्या लेखी रायपूर मध्य प्रदेशातच राहिलं. मी दुरुस्ती सुचवली की म्हणायचे, "आपल्या नकाशात न्हाई ते. आलं की बघू." या नकाशावर ट्रकागणिक एक टिकली असे, नानांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, पाकिटातली. मोठ्या गाडीला मोठी, टेम्पोला बारीक. ड्रायव्हरचा फोन आला की नाना नखाने टिकली उचलून बोटभर पुढे चिकटवत. नागपूरपर्यंत टिकलीचा गोंद पुरे. तिथून पुढची वाहतूक थुंकीवर चाले. काकू कुरकुरत, "माझ्या कपाळाला येक उरंना, आन् ह्यांची गाडी निघाली आसामला." काकू गेल्यावर टिकल्या आणायला नाना स्वतः बाजारात जाऊ लागले. दुकानातली बाई काही विचारत नसे.

नानांना रस्ता पाठ होता. वेल्ह्याचा बबन ड्रायव्हर पहिल्यांदा गुवाहाटीला निघाला, तेव्हा नानांनी त्याला समोर बसवून अख्खा देश सांगितला. "रायपूरच्या म्होरं डाव्या अंगाला वड हाय. त्याच्या खाली च्या पिऊ नको, निस्ता पाक आस्तो. वाईच म्होरं सरदारजीचा धाबा हाय, तितं डाळ मागव. सिलिगुडीच्या अलीकडं पूल लागंल, तितं घाई करू नको." बबन मान डोलवत राहिला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "गुर्जी, नानांनी लई टायर झिजवल्यात या रस्त्यावर." नानांनी तसं कधी म्हटलं नव्हतं. पण नाही असंही म्हटलं नव्हतं.

स्वतः मात्र ते सायकलवर. नसरापुरात खोली घेऊन राहत आणि दर शनिवारी विंझरच्या घरी सायकलने जात. गणेशोत्सवात एका पुढाऱ्याने भाषणात या सायकलीचा उल्लेख केला. एवढे ट्रक ज्याच्या शब्दावर हलतात तो माणूस सायकल मारतो, तेव्हा तरुणांनी ही साधी राहणी अंगी बाणवावी, वगैरे. तरुणांनी टाळ्या वाजवल्या आणि मोटरसायकलींवरून घरी गेले. नाना खाली मान घालून बसले होते. मला तो विनय वाटला.

तो विनय नव्हता. पुढे आम्ही दोघे एका लग्नाला भोरला निघालो. सायकलवर जायचं तर मुहूर्त टळणार, म्हणून नाइलाजाने नाना जीपमध्ये बसले. कापूरहोळला जीप भोरच्या रस्त्याला वळली आणि नाना बोलायचे थांबले. हे इतकं अपूर्व होतं की मी वळून पाहिलं. चेहरा पिवळा पडला होता. जीप थांबवली. नाना उतरले, रस्त्याच्या कडेला बराच वेळ ओणवे होते, मग तोंड धुऊन माझ्याजवळ आले.

"गाडी लागती मला," ते म्हणाले. "ल्हानपनापास्नं. सातारच्या म्होरं म्या कंदी गेलो न्हाई. तिकडं दौंडपतोर गेलोय. त्ये बी रेल्वेनं, आन् येकदाच."

"मग रायपूरचा तो वड?"

"ईस डायव्हरांनी सांगितलाय. येखादा खोटं बोलंल, ईस कशाला बोलतील?" मग खालच्या आवाजात म्हणाले, "कुनाला सांगू नका, गुर्जी. ट्रान्सपोर्टवाल्यालाच गाडी लागती म्हनल्यावर माल कोन दील?"

मी कोणाला सांगितलं नाही. उरलेला रस्ता ते चालत आले. आम्ही दोघेही जेवणाच्या शेवटच्या पंगतीला बसलो.

सुनंदा ही नानांची एकुलती एक लेक. जावई रेल्वेत आणि बदली नेमकी गुवाहाटीला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं म्हणून नानांनी विंझरचं घर सारवून, रंगवून घेतलं होतं, शेजारच्या बायकांना सांगून ठेवलं होतं. ती निघणार तोच, नववा लागता लागता, डॉक्टरांनी सुनंदाला प्रवासाची बंदी केली. सासू नाही, आई नाही, जावयाची ड्युटी कुठे कुठे. त्या दिवशी फोनवर नाना ओरडले नाहीत, नुसते उभे होते. फोन ठेवून म्हणाले, "पोरगी म्हंती, नाना, तुमी या. माझ्याजवळ कुनीच न्हाई."

मी विमान सुचवलं. "खिडकी उघडती का त्याची?" त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर विषय संपला. रेल्वेबद्दल दौंडचा अनुभव पुरेसा होता. दोन दिवस ते नकाशाकडे बघत बसले. तिसऱ्या दिवशी बबनला बोलावलं आणि दार लावून त्याला सगळं सांगितलं. बबन बाहेर आला तो हसत नव्हता. मला म्हणाला, "नाना म्हनतील तितं गाडी हुबी करनार. आपलीच गाडी हाय."

डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला वीस दिवस होते आणि ट्रकचा रस्ता सात दिवसांचा. नानांनी डिंक, खारीक, आळीव आणि विंझरचा तांदूळ अशी चार पोती बांधली आणि बिल्टी लिहायला घेतली. मी सवयीने गप्प बसलो. माल: बाळंतपणाचा. नग: पाच. पोती चारच होती. मास्तर असलो तरी काही चुका मी कापत नाही.

ते गेल्यावर किल्ली माझ्याकडे होती आणि टिकली सरकवायचं काम माझं होतं. पहिल्या दिवशी नगरच गाठलं. टिकली इतकी कमी सरकली की पाहणाऱ्याला ती जागची हलली आहे असं वाटू नये. अकोल्याहून बबनचा फोन आला, "नाना भातावरलं पानीच पित्यात निस्तं. म्या म्हनलं परत फिरू, तर माझ्यावरच वराडले." रायपूरच्या पुढून नाना स्वतः बोलले. आवाज बारीक झाला होता, पण दुःख वेगळंच होतं. "गुर्जी, वड न्हाई हितं. रस्ता रुंद केलाय. धाब्याच्या जागी पंप हाय. म्या वरसानुवरसं लोकांला चुकीचं सांगत हुतो." मग म्हणाले, "बबन म्हनला, नाना, मला ठावं हुतं. पयल्याच खेपंला कळलं हुतं. मग बोलला का न्हाई, तर म्हनं तुमाला वाईट वाटलं आसतं."

सातांचे बारा दिवस झाले. तेराव्या दिवशी सकाळी ट्रक गुवाहाटीच्या वेशीवर पोचला, आणि तेवढ्यात जावयाचा फोन आला, की सुनंदाला आधीच दवाखान्यात न्यावं लागलं आहे. दिवसा शहरात ट्रकला बंदी. रिक्षात बसायचं त्राण नानांत उरलं नव्हतं. ते आळिवाची पिशवी खांद्याला लावून चालत निघाले, आपल्या हिंदीत रस्ता विचारत. ती हिंदी ऐकून लोकांनी त्यांना दवाखान्यापर्यंत हाताला धरून नेलं असावं, असा माझा अंदाज आहे. दुपारी माझा फोन वाजला. "सुनीनं मला बगितलं, मग आत न्येलं तिला," नाना म्हणाले. "नात झाली. दोगी बऱ्या हायेत. टिकली काढून टाका, गुर्जी. माल पोचला."

त्याला आता तीन वर्षं होतील. नाना अजून तिथेच आहेत. नातीला सोडून पाय निघत नाही, असं फाट्यावरचे लोक मानतात आणि ते खरंही आहे. मला मात्र नानांनी सांगितलं, की यायचं म्हटलं तर रस्ता तोच आहे. बबनचं म्हणणं, तिकडच्या गोदामात बसून ते नसरापूरला येणाऱ्या ड्रायव्हरांना रस्ता सांगतात, आता पाहून आल्यामुळे जास्त ठामपणे.

गेल्या वर्षी फाट्यावरच्या गाडीमालकांनी नानांच्या गैरहजेरीत त्यांचा सत्कार केला. पुढारी तेच होते. लेकीसाठी अवघा भारत पार करणाऱ्या पित्याचं त्यांनी बरंच वर्णन केलं, दोनदा रुमाल काढला, आणि शाल-नारळ खुर्चीवरच्या तसबिरीला अर्पण केले. नाना हयात आहेत, हे मी नंतर तीन-चार जणांना सांगितलं. शाल आणि नारळ बबनच्या ट्रकातून रवाना झाले. शाल पोचली. नारळ बबनने नागपूरच्या अलीकडे चटणीला वापरला.